गाण्याच्या मधोमध

त्या बुधवारी सकाळी ‘गाठोडं’ उघडलं नाही, यात विशेष काही नव्हतं. गाठोडं ही गाण्यांची साइट. कुणीही आपल्याकडची गाणी तिथे ठेवावीत, कुणीही ती उचलून न्यावीत आणि मूळ मालकाला पत्ता लागू नये, असा तिचा साधासरळ कारभार होता. अधूनमधून कुठल्या तरी कंपनीची नोटीस जायची, साइट बंद पडायची आणि थोड्या दिवसांत शेपूट बदलून पुन्हा उघडायची. डॉट कॉमचं डॉट इन झालं, डॉट इनचं डॉट बिझ, मग कुठल्याशा बेटाचं शेपूट लागलं. माझे वडील याकडे घरमालकाच्या समजूतदारपणाने बघायचे. “खोली बदलली असंल,” असं म्हणून ते नवा पत्ता शोधायला बसायचे.

कर्जत स्टँडसमोर आमचं दुकान होतं. पाटीवर ‘नम्रता मोबाईल अँड म्युझिक’. नम्रता म्हणजे मी. दुकानात चार्जर आणि मोबाईलच्या काचा टांगलेल्या असायच्या, पण खरा धंदा मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा. डोंगरातल्या वाड्यांवर रेंज नाही, टेंपोवाल्यांना प्रवासात रेंजचा भरवसा नाही आणि हळदीला स्पीकर लावणाऱ्यांना गाणं मध्येच थांबलेलं चालत नाही. त्यामुळे पार खालापूरपासून लोक कार्ड घेऊन बाबांकडे यायचे. सगळे त्यांना पदूशेठ म्हणायचे.

बाबांच्या गाण्यांची एक खूण होती. काही वर्षांपूर्वी स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने आमच्याकडून गाणी भरून नेली आणि तीच आपल्या गिऱ्हाइकांना विकली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. “चोरी झाली,” एवढंच म्हणत राहिले. ती गाणी मुळात आपलीही नाहीत, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, गाणी लोकांची असतील, पण निवड आपली, क्रम आपला, रात्रंदिवस साइटवर ताटकळत बसायची चिकाटी आपली. दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीघरात बादली उपडी घातली, तिच्यावर मोबाईल ठेवला, कडी लावली आणि आवाज घुमवत आपल्या मालावर शिक्का मारला. तेव्हापासून पदूशेठच्या प्रत्येक गाण्यात कडवं संपता संपता संगीत दबायचं आणि स्टेशनवर गाडीची सूचना द्यावी तशा सुरात बाबा ओरडायचे, “नम्रताऽऽ म्युझिक! कर्जत!”

मग गाणं जिथे असेल तिथून पुढे चालू व्हायचं.

घरात मी नमी. माझं पूर्ण नाव बाबांनी घेतलं ते फक्त गाण्यांत. कॉलेजात असताना मला कर्जतच्या कुठल्याही रिक्षात बसायची सोय नव्हती. पुढे मोहोपाड्याला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली, तिथे मला वाटलं सुटले. पहिल्याच आठवड्यात कँटीनला भाजी घेऊन आलेल्या टेंपोने फाटकातूनच माझी ओळख करून दिली.

तर त्या बुधवारी मी रजेवर होते आणि बाबांचा डबा घेऊन दुकानात आले होते. साइट नुसती बंद नव्हती. पडद्यावर एक पान आलं होतं, माननीय न्यायालयाच्या आदेशाने असं सुरू होणारं. बाबांनी ते उभं राहून वाचलं. प्रवीणकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, शेजारच्या टेबलावर मोबाईलची काच बदलत होता. त्यानेही हातातलं काम खाली ठेवलं. तेवढ्यात स्टँडवरून बातमी आली की कंपनीची माणसं पोलिसांना घेऊन खोपोलीत दुकानं तपासताहेत आणि उद्या-परवा इकडे येणार आहेत.

बाबा शांत होते. येऊ देत, म्हणाले. आपल्या कार्डावर काय आपलं नाव लिहिलंय? पुरावा काय?

समोरच्या रस्त्यावरून विटांचा एक टेंपो गेला. त्यात एक जोरकस गाणं चालू होतं. आमच्या दारासमोर येताच ते दबलं आणि टेंपोतून बाबाच ओरडले, “नम्रताऽऽ म्युझिक! कर्जत!”

टेंपो पुलाकडे वळला.

“दादा,” काका म्हणाला, “पुरावा आला आनि गेला बी.”

चोरी करताना प्रत्येक वस्तूवर आपलं नाव आणि गाव सांगून ठेवणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत एकच असावा. हे बाबांच्या आत्ता लक्षात आलं. पुढची दुपार मी कधी पाहिली नव्हती अशी गेली. दुकानातला कॉम्प्युटर दोघा भावांनी मिळून कोरा केला. न्हाणीघरातली मूळ रेकॉर्डिंग, मोबाईलमधल्या तिच्या नकला, सगळं गेलं. काकाने काळा रंग आणून पाटीवरचं ‘अँड म्युझिक’ पुसलं. मग बाबांनी जाहीर केलं, आमच्याकडून भरलेलं जुनं कार्ड आणा, फुकट नवं भरून न्या. नवं म्हणजे काय, तर आरत्या आणि भजनं. देवाच्या गाण्यांना मालक नसतो आणि असलाच तरी तो कोर्टात जात नाही, असा त्यांचा हिशेब होता. आरत्यांच्याही कंपन्या असतात हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर नुकताच कुठे रंग परत आला होता.

संध्याकाळपर्यंत बरीच कार्डं आली. घरी येऊन बाबा दोन भाकऱ्या जेवले, हात धुतले आणि पंचाला पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, “नमे, आजपासून आपन कायदेशीर.”

सकाळी त्यांनी चहा मागितला नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, हृदय थांबलं, त्यांना काही कळलंही नसेल.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांसमोर बसायला मी आणि काका. आमच्याकडे भेटायला येतात म्हणजे येणारा आधी दारातच रडतो, मग सतरंजीवर बसतो, पाणी पितो आणि गेलेल्या माणसाचं काहीतरी चांगलं सांगतो. या वेळी पुढे एक पायरी वाढली होती. चांगलं सांगून झालं की माणूस खिसा चाचपायचा. “शेठ बोलले व्हते,” असं पुटपुटत कार्ड काढून काकासमोर धरायचा. काका पडवीत मुंडण केलेल्या डोक्याने लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असायचा. कार्ड घालायचा, कोरं करायचा, आरत्या भरायचा, डोळे पुसायचा आणि परत द्यायचा. ही दादाची शेवटची इच्छा, असं तो प्रत्येकाला सांगे. कार्ड आणायला विसरलेली माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा रडून जात.

तेराव्यापर्यंत कर्जतच्या रिक्षा आणि टेंपो बदलून गेले होते. वाळूचे टेंपो आरत्या लावून रिव्हर्स येत. एका बारशाला लोक भजनावर नाचले असं कानावर आलं. आणि कंपनीची माणसं, पोलिस, कुणी म्हणजे कुणीही आलं नाही. खोपोलीतली तपासणी गॅसच्या शेगड्यांची होती असं मागाहून कळलं.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं तेव्हा मला बाबांचा आवाज ऐकावासा वाटला. ही काही मोठी मागणी नव्हती. आजकाल माणूस जातो आणि त्याचा आवाज फोनात तसाच राहतो. मी माझा फोन उघडला. बाबांनी मला आयुष्यात निरोप बोलून पाठवला नव्हता, ते अंगठा पाठवायचे. मी विचारावं, आजारी आहात का, तर अंगठा. जेवून घ्या, अंगठा. व्हिडिओत ते पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ उभे राहत, कारण बोललं तर रेकॉर्ड होतं असं त्यांचं म्हणणं होतं. आवाज काढायचा तो धंद्यासाठी. म्हणजे त्यांचा आवाज होता तो फक्त गाण्यांत.

मी काकाला म्हटलं, पुसलेल्या कार्डांतलं एखादं गाणं ठेवलं असशील ना?

“एक बी ठेवलं नाय,” तो अभिमानाने म्हणाला. खालापूरची कार्डंसुद्धा तो स्वतः मोटारसायकलवर जाऊन पुसून आला होता. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. तो उठून न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ आतून बादल्या हलवल्याचे आवाज येत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं गाठोड्याच्या मागे लागलो. बाबांनी आपली शिक्क्याची गाणी तिथेही चढवून ठेवली होती, हक्काने. काका शेपटं सुचवायचा, मी टाकून बघायचे. बहुतेकांवर न्यायालयाचं पान. एकावर चपलांचं दुकान. एक शेपूट अखेर लागलं. साइटने आधी मी यंत्र नाही हे सिद्ध करायला सांगितलं आणि सिग्नलची चित्रं ओळखायला लावली. कर्जतला सिग्नल नाही, त्यामुळे काकाने दोनदा विजेच्या खांबावर बोट ठेवलं आणि आम्ही यंत्र ठरलो. तिसऱ्यांदा पास झालो. बाबांचं नाव असलेलं एक गाणं दिसलं. ते उतरायला लागलं, पट्टी हिरवी होत होत अगदी टोकाला टेकली आणि तिथेच थांबली. मग ते शेपूटही पडलं.

पान जाण्यापूर्वी मी तळाशी एक पत्ता पाहून ठेवला होता. तक्रारीसाठी. मी तिथे एक सभ्य ईमेल लिहिलं. तुमच्याकडे असलेल्या काही गाण्यांत माझ्या दिवंगत वडिलांचा आवाज आहे. त्या आवाजावर आमच्या कुटुंबाखेरीज कुणाचा हक्क नाही. कृपया त्याबाबत योग्य ती कार्यवाही करावी. खाली गाण्यांची नावं, मला आठवली तेवढी सगळी. उत्तर ताबडतोब आलं. इतक्या तत्परतेने आजवर मला कुठल्याही कार्यालयाने उत्तर दिलेलं नाही. आपली तक्रार मिळाली, आपल्या हक्कांचा आम्ही आदर करतो, आक्षेपार्ह गाणी कायमची काढून टाकली आहेत.

मोठमोठ्या कंपन्यांना इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते मी एका ईमेलमध्ये केलं होतं. काकाला सांगितलं तर त्याला हसू फुटलं, मग मलाही. आम्ही पडवीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं ते दोघांनीही तपासलं नाही.

त्याच आठवड्यात ठमीमावशी आली. भिवपुरीच्या वर डोंगराच्या पायथ्याशी तिची वाडी. ती धवलारीण, म्हणजे लग्नात विधीची गाणी म्हणणारी. तिच्या गाण्याशिवाय आसपासच्या वाड्यांवर हळद लागत नसे. पण दोन वर्षांपूर्वी घशाचं दुखणं झालं आणि तिचा आवाज बसला तो बसलाच. नशिबाने त्याआधी बाबांनी वाडीवर जाऊन तिची गाणी रेकॉर्ड केली होती आणि एक कार्ड तिला भरून दिलं होतं. तेव्हापासून लग्नात मावशी स्वतः जाते, स्पीकर लावते आणि आपल्याच गाण्याशेजारी बसते.

ती दारात रडली नाही. सतरंजीवर बसली, पाणी प्यायली आणि घोगऱ्या, पुसट आवाजात म्हणाली, “तुजा बाप चांगला व्हता. पन माज्या गान्यात मधीच वराडलाय. त्येवडं काडून दे.”

तिचं खरं दुखणं ते होतं. हळदीचं गाणं ऐन रंगात आलं की बाबा ओरडत. पोरं तर आता त्याचीच वाट बघत बसतात, म्हणाली. आवाज बसायच्या आधी एकदा ती तोंडाने गात होती, तर त्या जागेवर आख्ख्या मांडवाने तिच्या गाण्यात कर्जतचं नाव घेतलं. कितीदा बाबांना सांगितलं, ते उद्या-उद्या करत राहिले. आता रविवारी तिच्या नातीची, भाग्यश्रीची हळद होती. त्या दिवशी तरी गाणं निर्मळ वाजावं.

तिने कनवटीची तंबाखूची डबी काढली, डबीतून कार्ड. काकाचा हात सवयीने पुढे झाला. मी तो मनगटाला धरून थांबवला. इतक्या जोरात धरला असावा की त्याने तीन दिवस सगळ्यांना वळ दाखवला.

हे कार्ड काकाच्या हातून सुटलं होतं, कारण मावशीने ते कुणालाच द्यायचं नाकारलं होतं. दोन्ही तालुक्यांतल्या त्या सगळ्या गाण्यांत खरा, जिवंत, नावानिशी मालक असलेलं गाणं हे एकच.

काकाने ते लॅपटॉपला लावलं. लॅपटॉपचा आवाज पावसाळ्यातच गेला होता, कार्डं पुसायला तो लागत नव्हता. पण गाणं पडद्यावर चित्रासारखं दिसायचं. मावशीचा आवाज म्हणजे एक बारीक, सरळ जाणारी रेघ, आणि मधोमध एक जाड फुगवटा.

“ह्यो दादा,” काका म्हणाला.

मी पडद्याकडे बघत राहिले. बाबा तसे शेवटी शेवटी जरा सुटलेच होते.

काकाने सांगितलं की फुगवटा कापता येईल, पण ओरडण्याखाली मावशीची जी ओळ आहे तीही त्याच्याबरोबर जाईल. दादाने दोन्ही एकात एक मिसळून टाकलंय, वेगळं व्हायचं नाही. मी मावशीला तेच पुन्हा सावकाश समजावलं आणि माझा आवाज शक्य तेवढा सरळ ठेवून विचारलं की त्याआधी मला या गाण्याची एक कॉपी करून घेऊ देशील का.

मावशीने त्या ओळीचा विचार केला. ओठ हलवून मनात म्हणून पाहिली असावी. नवरीच्या आईची ओळ होती ती.

“मंग ऱ्हाऊं दे,” ती म्हणाली. “गान्याची वळ जायला नको.”

आणि कॉपी?

“कापी नाय,” मावशी कार्ड डबीत घालत म्हणाली. “येकदा तुज्या बापाला दिलं तं आख्ख्या कर्जतभर वाजलं. गानं माजं हाय. मी लावीन तवाच वाजंल. तुला आयकायचं तं हळदीला ये.”

काका तिला पटवायला निघाला होता, शेठची आठवण, पोरीचा बाप वगैरे. मी त्याला गप्प बसवलं. मावशीचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या घराण्याशी कुणी इतकं स्पष्ट, इतकं कायदेशीर बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

बाप जाऊन महिना झाला नाही तर शुभकार्याला जायचं नसतं, असं काकाने रविवारी सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं आणि चारच्या सुमारास मोटारसायकल काढून मला मागे बसवलं. मांडवात जाऊ नये म्हणून आम्ही बाहेर फणसाखाली उभे राहिलो. फणसाच्याच फांदीला स्पीकर बांधला होता, म्हणजे आत असतो त्यापेक्षा आम्ही जास्तच आत होतो. काकाने पुसलेलं एखादं कार्ड इथवर पोचलं होतं, कारण स्पीकरवर आरती चालू होती आणि नवरीच्या मैत्रिणी त्या आरतीवर कमरेला हात लावून नाचत होत्या. काकाने मान खाली घातली.

मग ठमीमावशी उठली. तिने आरती मध्येच बंद केली, डबी उघडली, आपलं कार्ड लावलं आणि भाग्यश्रीच्या पाटाशेजारी जाऊन बसली. बायकांनी हळदीची वाटी उचलली. स्पीकरमधून मावशीचा जुना आवाज आला, पातळ, न थरथरणारा, खालच्या शेतांपर्यंत जाईल असा. पाटाशेजारची मावशी ओठ हलवत होती. आवाज फणसातून येत होता.

काकाने माझ्या कोपराला हात लावला. मी म्हटलं, ठीक आहे.

कडवं संपत आलं तशी मांडवातली पोरं नाचायची थांबली आणि स्पीकरकडे तोंडं करून छाती भरून घेऊ लागली. भाग्यश्रीसुद्धा हळदीच्या तोंडाने हसायला लागली. मावशीने कपाळाला आठ्या घातल्या. नवरीच्या आईची ओळ सुरू झाली आणि दबली.

“नम्रताऽऽ—”

पुढचं पोरांनी घेतलं. “म्युझिक! कर्जत!” आख्खी वाडी ओरडली, त्यांच्या आवाजात बाबांचं उरलेलं वाक्य बुडून गेलं. त्यांनी बाबांकडे फक्त माझं नाव शिल्लक ठेवलं होतं. न्हाणीघरात घुमलेलं, शेवटी ताणलेलं, आतल्या खोलीतल्या माणसाला बाहेरून बोलवावं तसं. इतकी वर्षं हे मी कॉलेजच्या रस्त्यावर ऐकलं, कँटीनच्या फाटकात ऐकलं, लोकांच्या लग्नांत ऐकलं. त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. दुकानाच्या जाहिरातीला कोण उत्तर देतं?

मावशीचं गाणं पुन्हा वर आलं होतं. शेजारच्या दोन बायकांनी वळून बघितलं, काकानेही बघितलं, तेव्हा कळलं की मी बोलते आहे, आणि चांगल्या मोठ्या आवाजात.

“ओ, बाबा,” मी म्हणत होते. “ओ. इथेच आहे मी.”